आठ वाजताची पहाट

मराठीत पहाट केव्हा होते? प्रश्न शाळकरी वाटेल, पण गेली काही वर्षे तो मला खरोखरच पडतो आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत राजभवनावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा घड्याळात सकाळचे आठ वाजण्याचा सुमार होता. राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना ५ वाजून ४७ मिनिटांनी निघाली होती. पहाट झाली असेल तर ती त्या कागदाची. शपथविधीच्या वेळी सूर्य चांगला तासभर वर आलेला होता. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आठ वाजता माणूस धार काढून, डेअरीवर दूध घालून, परत येऊन न्याहारीला बसलेला असतो. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर तर फडात झुंजूमुंजू होण्याआधीच कोयता हातात घेतो. आठ वाजता त्याला कोणी 'पहाट झाली' म्हणाले तर तो हसेल. तरीही 'पहाटेचा शपथविधी' हा प्रयोग मराठीत असा काही रुजला की उद्याच्या इतिहासाच्या पुस्तकांतही तो त्याच नावाने जाणार.

हे नाव कसे पडले असावे? माझ्यापुरते उत्तर मला सापडले आहे. आदल्या रात्रीपर्यंत स्टुडिओत बसून उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, खातेवाटप कसे होणार, हे समजावून सांगणारी मंडळी त्या सकाळी गाढ झोपेत सापडली. त्या दिवशीची वर्तमानपत्रेही ठाकरे यांच्या नावाचे मथळे घेऊनच घरोघर पडली होती. ज्याला झोपेतून उठवले जाते त्याला वाजले किती हे ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ती पहाटच. नाव ठेवणाऱ्याने स्वतःच्या उठण्याची वेळ घटनेला चिकटवली आणि उरलेल्या महाराष्ट्राने, जो केव्हाचा कामाला लागला होता, ती मुकाट्याने मान्य केली.

हा लेख त्या शपथविधीबद्दल नाही. ज्यांनी त्याला हे नाव देऊन घरोघर पोचवले त्यांच्याबद्दल आहे. पडद्यावर नावाखाली 'राजकीय विश्लेषक', 'राजकीय अभ्यासक', 'ज्येष्ठ पत्रकार' अशी पट्टी लावून बसणाऱ्या मंडळींवर टीका पुष्कळ झाली आहे. ते विकले गेले आहेत, अमुक पक्षाचे आहेत, आरडाओरडा करतात, वगैरे. मला हे आक्षेप दुय्यम वाटतात. विकला गेलेला माणूसही एखाद वेळी खरे बोलून जातो, आणि अगदी हळू आवाजातही निरर्थक बोलता येते. माझा आक्षेप मराठीच्या अध्यापकाचा आहे. तो त्यांच्या वाक्यावर आहे. हे वाक्य असे घडवलेले असते की ते कधी खोटे ठरूच नये. आणि जे खोटे ठरण्याची जोखीम घेत नाही त्याला खरे ठरण्याचे श्रेय कसले? अशा वाक्यांचा रतीब आपल्या घरात रोज रात्री घातला जातो, आणि त्याला आपण विश्लेषण म्हणू लागलो आहोत.

०००

वानगीदाखल एक शब्द घेऊ. 'गड', किंवा त्याचा थोरला भाऊ 'बालेकिल्ला'. अमुक नेत्याने गड राखला, तमुकाच्या बालेकिल्ल्याला खिंडार पडले, सुरुंग लागला, बुरूज ढासळला. नगरला खराखुरा भुईकोट किल्ला आहे. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते तिथे स्थानबद्ध होते. त्या किल्ल्याला खंदक आहे, तट आहेत. परंतु वाहिन्यांच्या नकाशात आमच्या जिल्ह्याच्या बाराही विधानसभा मतदारसंघांत एकेक किल्ला आहे. शिर्डी विखेंचा, संगमनेर थोरातांचा, आणखी कोठला आणखी कोणाचा.

आता साधा व्याकरणाचा प्रश्न. मतदारसंघ हा गड असेल तर मतदार कोण? तटाचे दगड, शिबंदी, की गडाच्या पायथ्याची रयत? या रूपकात मतदाराला जागाच नाही. गड राखणारा कर्ता, गड जिंकणारा कर्ता, आणि ज्याच्या मतावर हे सगळे घडते तो वाक्यातच नाही. लोकशाहीत एकदा कोणी 'गड' म्हटले की दर पाच वर्षांनी रांगेत उभा राहणारा माणूस भाषेतून हद्दपार होतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायची मग गरज राहत नाही, कारण दगडांना कोणी काही विचारत नसते.

याचे फळ संगमनेरला दिसले. बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा तिथून निवडून आले होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाविकास आघाडीच्या संभाव्य मुख्यमंत्र्यांत त्यांचे नाव घेतले जात होते. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी (तारीख पुन्हा तीच, बरोबर पाच वर्षांनी) शिवसेनेच्या अमोल खताळ यांनी त्यांचा दहा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. सकाळपर्यंत अभेद्य असलेला बालेकिल्ला दुपारी 'आतून पोखरलेला' ठरला. 'नाराजी होतीच', 'अंतःप्रवाह होता', 'सुप्त लाट होती'. मराठी राजकीय समालोचनातला माझा सर्वांत लाडका शब्द कोणता असे विचाराल तर 'सुप्त लाट'. जी कोणाला दिसली नाही, म्हणून जिच्याविषयी आधी काही सांगावे लागले नाही, आणि निकालानंतर जी हमखास असते, अशी ही लाट! समुद्राला अशी लाट माहीत नाही.

०००

२०२४ या एका वर्षात महाराष्ट्राने दोन कौल दिले. ४ जूनला लोकसभेच्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि १ अपक्षाला. साडेपाच महिन्यांनी विधानसभेच्या २८८ जागांपैकी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३०, तर आघाडीच्या तिघांना मिळून ४६. आमच्याकडे नगर दक्षिणेत जूनमध्ये नीलेश लंके यांनी सुजय विखे यांना हरवले आणि शिर्डीची जागाही आघाडीकडे गेली. नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या बारांपैकी दहा जागा महायुतीच्या. लोक तेच, गावे तीच, मतदान केंद्रांच्या शाळाही त्याच.

असे दोन कौल एकापाठोपाठ येणे ही अभ्यासकाला पर्वणी आहे. काय बदलले, कोणाचे बदलले, किती बदलले, जागांचे अंतर एवढे मोठे असताना मतांचे अंतर किती होते, जूनला न गेलेले नोव्हेंबरला मतदानाला गेले काय? प्रश्नांची रांग लागते. पडद्यावर जे मिळाले ते असे: जूनमध्ये 'संविधान, कांदा आणि फोडाफोडीचा राग', नोव्हेंबरमध्ये 'लाडकी बहीण'. दोन्ही वेळा तेच चेहरे, तोच आत्मविश्वास. जूनचा राग नोव्हेंबरमध्ये कुठे गेला, याचा हिशेब मागणारा कोणी समोर नाही आणि देणाराही कोणी नाही. या कारणांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. दरमहा दीड हजार रुपये ज्या घरात पहिल्यांदाच बाईच्या खात्यावर येतात, तिथे त्याचा अर्थ काय होतो हे मोठे गंभीर प्रकरण आहे. पण 'लाडकी बहीण' हे दोन शब्द उच्चारून थांबणे म्हणजे कवितेचे शीर्षक वाचून रसग्रहण संपवणे.

कांद्याचेच पाहा. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागली आणि ४ मे २०२४ ला उठली. घोडेगावच्या कांदा बाजारात गोणी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तिचा परिणाम त्याच डिसेंबरात समजला होता. स्टुडिओला कांद्याचा वास मात्र ४ जूनच्या दुपारी, मतमोजणीच्या फेऱ्या पुढे सरकल्यावर आला. मधल्या सहा महिन्यांत तिथे कोणते विश्लेषण चालू होते? कोण कोणाला भेटले, कोणाच्या गाडीत कोण बसले, आणि त्या भेटीने 'चर्चांना कसे उधाण आले'.

या तुलनेत मला मतदानोत्तर चाचण्या करणाऱ्यांबद्दल थोडा आदर वाटतो. १ जून २०२४ च्या रात्री बहुतेक चाचण्यांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवले होते. प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. एका चाचणी संस्थेचा प्रमुख निकालाच्या दिवशी पडद्यावर रडताना देशाने पाहिला. त्याची थट्टा झाली. पण तो रडू शकला याचे कारण त्याने आकडा दिला होता. आकडा पकडता येतो. 'वातावरण', 'हवा', 'कल', 'नॅरेटिव्ह' हे पकडता येत नाहीत. म्हणून विश्लेषक कधी रडत नाही.

०००

बोललेल्या शब्दाची किंमत मोजावी लागते, या गोष्टीशी आमच्या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत तेव्हाच्या अहमदनगर मतदारसंघात काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष उभे राहिलेले बाळासाहेब विखे पाटील यांच्यात लढत झाली. गडाख निवडून आले. विखे न्यायालयात गेले. तक्रार प्रचारातल्या भाषणांबद्दल होती. आपल्या चारित्र्याविषयी असत्य विधाने केली गेली, असे त्यांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली आणि त्यांच्या प्रचारात बोललेल्या शरद पवारांवरही ठपका ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पवारांना त्यातून मोकळे केले, परंतु गडाखांची निवड रद्द करणारा निर्णय कायम ठेवला. 'अर्धविराम' लिहिणारे हे गडाख शब्दांची जाण असलेले गृहस्थ, हे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. त्या राजकारणात कोणाची बाजू न्याय्य होती या वादात मला शिरायचे नाही. माझे लक्ष वेधून घेतो तो कायद्याचा बारकावा.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमातले चौथे पोटकलम 'वस्तुस्थितीविषयक विधान' आणि मत यांत फरक करते. मत कितीही कठोर असो, त्याला ते हात लावत नाही. विधान मात्र असत्य असले पाहिजे, आणि करणाऱ्याला ते एक तर असत्य वाटत असले पाहिजे किंवा सत्य वाटत नसले पाहिजे. हे शेवटचे दोन पर्याय वेगळे आहेत, हे लक्षात घ्या. खोटे आहे हे ठाऊक असून बोलणे निराळे, आणि खरे आहे असे वाटत नसताना बोलणे निराळे. पहिला खोटारडा. दुसऱ्याला मराठीत नेमका शब्द नाही, पण माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याला सत्य-असत्याशी कर्तव्यच नसते. वाक्य पडद्यावर त्या क्षणाला शोभले की त्याचे काम झाले. कायदा करणाऱ्यांना १९५१ साली या दुसऱ्या माणसाचा धोका कळला होता. उमेदवाराने असे बोलले तर त्याची खासदारकी जाते. रोज रात्री नऊ वाजता असे बोलणाऱ्याचे काय जाते? दुसऱ्या रात्री नऊ वाजता पुन्हा बोलावणे येते.

कायद्याने त्यांच्या मुसक्या बांधाव्यात, असे मी चुकूनही सुचवत नाही. ते हत्यार सरकारच्या हाती पडले म्हणजे काय होते, हे या देशाने १९७५ मध्ये पाहिले आहे. आकाशवाणीच्या जुन्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनाही तेवढ्याचसाठी आवरले पाहिजे. लहानपणी आमच्या घरी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या लागत आणि त्या वेळी घरात कोणी बोलत नसे. त्या भाषेला लेखी मजकुराचा घाट होता, शब्द तोलून आलेले असत, हे खरे. पण तो तराजू सरकारी होता, हेही खरे. आणीबाणीत त्याने काय तोलले ते आपल्याला माहीत आहे. आज खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. म्हणून हा सगळा बोलघेवडा व्यवहार आधी दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाईलच्या पडद्यावर एकवटला. आता अडचण बंदीची उरलेली नाही. बोलायची मोकळीक आहे, आणि बोलल्याचे दायित्व वाटत नाही.

०००

यात विनोद पुष्कळ आहे. पण मी हे विनोदासाठी लिहायला घेतलेले नाही.

१३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला आणि मग गावोगावी, नगरलाही, निघत गेले. हे मोर्चे मूक होते. घोषणा नाहीत, नेत्यांची भाषणे नाहीत, शेवटी मुलींनी निवेदन द्यायचे. मराठी समाजाच्या सार्वजनिक इतिहासात इतक्या मोठ्या जमावाने न बोलण्याचे ठरवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्या मौनाचा अर्थ अनेकपदरी होता. त्यात दुःख होते, शेतीतली कोंडी होती, आरक्षणाची मागणी होती, ॲट्रॉसिटी कायद्याविषयीचा रोष होता. आणि त्या रोषाने गावकुसाशेजारच्या वस्तीत पसरलेली भीतीही होती. हे पदर सोडवायला वेळ हवा, गावात जाणे हवे, दोन्ही वस्त्यांत बसणे हवे. स्टुडिओने त्या मौनात आपले शब्द ओतले. मोर्चा कोणाचा, कोणाविरुद्ध, पाठीशी कोण, मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलणार काय, कोणत्या पक्षाला किती टक्क्यांचा लाभ. खटला उभा राहण्याआधी एका मुलीच्या मरणाचे 'समीकरण' झाले होते.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी एका सतरा-अठरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. त्याच महिन्यात कोपर्डी खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. जिल्हा एक, नगरचे न्यायालय एक, महिना एक. राजकीय विश्लेषण म्हणजे सत्ता समाजात कशी वावरते याचा शोध असेल, तर त्या महिन्यात विचारण्याजोगा प्रश्न एकच होता: एका खटल्यात साक्ष टिकते आणि दुसऱ्यात विरते, ती का? साक्षीदाराला कोण सांभाळते? तो राहतो कुठे, काम कोणाच्या रानात करतो, त्याच्या घरातल्यांना रोजगार कोण देतो? हे राजकारणच आहे. गावातले, रोजचे, मुळातले राजकारण. त्यावर किती रात्री चर्चा रंगल्या, ते वाचकांनी स्वतः आठवून पाहावे. मला एकही आठवत नाही. मोर्चा मूक होता तिथे यांनी बडबड केली. साक्षीदार मूक झाले तिथे यांनी तोंड उघडले नाही.

पाठपुराव्याचेही तेच. २०११ च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे नाव देशभर दुमदुमले. अण्णा हजारे 'दुसरे गांधी', लढा 'दुसरा स्वातंत्र्यलढा'. काहींना त्यात अरब जगतातल्या उठावांची आवृत्ती दिसली. लोकपाल कायदा २०१३ च्या डिसेंबरात संमत झाला आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक व्हायला २०१९ चा मार्च उजाडला. त्या वेळी स्टुडिओ लोकसभेच्या जागावाटपात गुंतले होते. ज्यांनी दुसऱ्या स्वातंत्र्याची द्वाही फिरवली होती त्यांच्यापैकी कितीजणांनी परत येऊन 'आम्ही तेव्हा असे म्हणालो होतो, आज त्याचे काय झाले ते असे' म्हटले? चुकणे हा दोष नाही. राजकारणाविषयी बोलणारा प्रत्येकजण चुकतो. परत न येणे हा दोष आहे.

०००

यावर जे म्हटले जाईल ते मला ठाऊक आहे. पहिले म्हणणे: तुम्ही प्राध्यापक मंडळी पडद्याला ग्रंथाचे निकष लावता, बोलणे हे बोलणेच, त्यात घाई असणार. मान्य. पण म्हणून तर जास्त सावधपणा हवा. शिवाय घाईत बोलणाऱ्यांच्या पट्टीवर 'घाईत बोलणारे' असे लिहिलेले नसते, 'अभ्यासक' असे लिहिलेले असते.

दुसरे म्हणणे: चार खिडक्यांत चार बाजू दिसतात, हीच लोकशाही. चार खिडक्यांत चार माणसे दिसतात, एवढे मी मान्य करीन. बाजू ही वस्तू मांडावी लागते, तिला पुरावा लागतो, समोरच्याचा मुद्दा ऐकून तिच्यात बदल करावा लागतो. गेल्या कित्येक वर्षांत पडद्यावरच्या एकाही चर्चेत 'तुमचे म्हणणे मला पटले' हे वाक्य मी ऐकलेले नाही.

तिसरे म्हणणे अधिक वजनदार आहे: तटस्थता कोणाला जमली आहे? कोणालाच नाही, आणि मी ती मागतही नाही. नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवला. १९१० मध्ये सुरू झालेले हे पत्र त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ खेड्यात राहून चालवले. मुकुंदराव तटस्थ नव्हते. ते सत्यशोधक होते, तसे उघड सांगत, आणि त्यांची लेखणी आसूड ओढावा तशी चाले. पण ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्यासाठी ते लिहीत ती माणसे त्याच पंचक्रोशीत राहत होती. चुकीचे लिहिले तर विचारणारा दारात येऊ शकत होता. आजच्या विश्लेषकाचे नेमके उलटे आहे. भूमिका झाकलेली आणि घर लांब. ज्या गावाचे 'समीकरण' तो मांडतो तिथून त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही.

आणि अपवाद? आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. सुहास पळशीकरांसारखे अभ्यासक सर्वेक्षणाची पद्धत सांगून, आपल्या निष्कर्षाच्या मर्यादा सांगून लिहीत आले. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे बातमीदारी करणारी, कोणत्या गावाला पाण्याचे कोणते आवर्तन केव्हा मिळाले हे तोंडपाठ असणारी माणसेही आहेत. अडचण अशी की या माणसाला 'पण शेवटी कोण जिंकणार, एका वाक्यात सांगा' असे विचारले की तो गडबडतो. 'एका वाक्यात सांगता येणार नाही' हे उत्तर देणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावले जात नाही.

०००

आता आमच्याकडे, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांकडे येतो. हे सगळे दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळे होणे बरे नाही.

१६ मे २०१४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी एका स्थानिक केबल वाहिनीने मला बोलावले. मी गेलो. मान्यवर म्हणून नाव घेतले गेले, पडद्यावर माझ्या नावाखाली 'राजकीय विश्लेषक' अशी पट्टी आली. मी मराठी विषयात एम.ए. केलेला माणूस, राजकारण मी वर्तमानपत्रापलीकडे वाचलेले नव्हते. पण माईक समोर आला आणि मी बोललो. 'सुप्त लाट' हा शब्द मीही वापरला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा शेजारचे म्हणाले, 'सर, छान बोललात.' काय बोललात, हे त्यांना सांगता आले नाही, आणि मलाही. त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. त्या खुर्चीवर बसले की वाक्ये आपोआप येतात. ती तयारच असतात, आपण फक्त तोंड द्यायचे.

हीच तयार वाक्ये आता उत्तरपत्रिकांत येतात. 'कोसला'वरच्या उत्तरात एका विद्यार्थ्याने लिहिले की नेमाड्यांनी प्रस्थापित साहित्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लावला. दुसऱ्याने दलित आत्मकथनांना 'मास्टरस्ट्रोक' म्हटले. आणि जवळजवळ प्रत्येक उत्तराचा शेवट एकच: 'येणारा काळच ठरवेल.' मी हसलो, मग विचारात पडलो. हे विद्यार्थी रात्री जे ऐकतात ते सकाळी लिहितात. पण रात्रीच्या त्या वाक्यांची सवय त्यांना आम्हीच तर लावली नाही? 'युगप्रवर्तक', 'मैलाचा दगड', 'साहित्यविश्वात खळबळ माजवणारी' ही वाक्ये गाईडांतून त्यांच्यापर्यंत पोचतात, ती गाईडे लिहिणारे आमच्यातलेच, आणि त्या वाक्यांना गुण देणारेही आमच्यातलेच. वाहिन्यांवर बसलेल्यांपैकी कितीतरी जण आमच्याच महाविद्यालयांतून वक्तृत्व स्पर्धांची ढाल घेऊन बाहेर पडले असतील. पुरावा न देता पाच मिनिटे प्रभावी बोलणे, याला आम्ही बक्षिसे दिली आहेत.

आणि हे आम्ही कोणत्या परंपरेत बसून केले? ज्या अभ्यासक्रमात 'लीळाचरित्र' आहे त्या परंपरेत. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिल्या, ऐकल्या त्यांना गाठून, विचारून गोळा केल्या. आठवणींत फरक पडला तेव्हा भिन्न पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावाने सांगण्याची शिस्त महानुभावांनी जपली. तेराव्या शतकातल्या मराठी गद्याला हे कळत होते की वाक्याला बोलणाऱ्याचे नाव असावे लागते. त्या परंपरेतला 'सूत्र' हा शब्द चक्रधरांच्या नेमक्या वचनासाठी वापरला जाई. आज पडद्यावर 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणतात, आणि ज्याचे नाव सांगायचे नाही त्याला सूत्र म्हणतात. बातमीदाराला आपला खबऱ्या झाकावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. विश्लेषकाला काय झाकायचे असते? तो तर स्वतःचे अनुमान सांगतो आहे. ते अनुमान आहे, एवढेच तो झाकतो.

म्हणून गेल्या दोन निवडणुकांत वर्गात एक साधा उद्योग केला. एक दोनशेपानी वही घेतली. विद्यार्थ्यांनी रात्रीच्या चर्चेतले एक वाक्य जसेच्या तसे उतरवून आणायचे. त्यापुढे तारीख, बोलणाऱ्याचे नाव, आणि तीन प्रश्न. हे विधान आहे की मत? बोलणाऱ्याला हे कशावरून कळले? काय घडले तर हे चूक ठरेल? तिसऱ्या प्रश्नाचा रकाना बहुतेक रिकामाच राहिला. 'ही लढत प्रतिष्ठेची आहे' हे काय घडले तर चूक ठरेल? 'मतदारराजा सुज्ञ आहे' हे? सुरुवातीला मुलांना मौज वाटली. पुढे एका मुलीने त्याच वहीत, न विचारता, स्वतःच्या निबंधातली चार वाक्ये उतरवली आणि तिसरा रकाना रिकामा सोडून माझ्यापुढे ठेवली. त्या चारांतली दोन मी वर्गात लिहून दिलेल्या टिपणांतली होती.

ती दोन वाक्ये मी टिपणांतून काढून टाकली आहेत. वही अजून अर्धी कोरी आहे. पुढच्या निवडणुकीला ती पुन्हा निघेल. ज्या महाविद्यालयांत मराठीचा विभाग शिल्लक आहे, तिथल्या सहकाऱ्यांनीही अशी एक वही घालावी, एवढीच विनंती आहे. 'येणारा काळच ठरवेल' म्हणून प्रत्येक चर्चा संपते. काळ काही ठरवत नाही. कोणीतरी तारीख घालून लिहून ठेवावे लागते, आणि तो काळ आला म्हणजे पान उघडून दाखवावे लागते. आणि तोवर आठ वाजता कोणी पहाट म्हणाले, तर निदान मराठीच्या वर्गात तरी घड्याळाकडे पाहण्याची प्रथा असावी.